पानभर लिहून दाखव

“हे हिने लिहिलेलं नाही,” प्रकाशक म्हणाले आणि कादंबरीचं बाड त्यांनी टेबलावरून परत सरकवलं. “चौदा वर्षांची मुलगी असं लिहूच शकत नाही. तुम्ही लिहिलंत का, बाई? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

रागावणार नाही म्हणे! जणू हे शाळेचे मुख्याध्यापक आणि आई वर्गाची काच फोडून समोर उभी. मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली होती. तिचे कान लालबुंद झाले. दीड वर्ष तिने या कादंबरीत घातलं होतं. शाळेतून आली की दप्तर भिरकावायचं आणि लिहायला बसायचं. शेवटी शेवटी मैत्रिणींनी खेळायला बोलावणंही सोडून दिलं. आणि हा माणूस हातातला चहाचा कपसुद्धा खाली न ठेवता तिला चोर ठरवत होता.

आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. खुर्चीत आ करून पडलेल्या प्रत्येक पेशंटला ती लेकीच्या कादंबरीचं कौतुक ऐकवायची. बिचाऱ्यांना मध्ये बोलताही यायचं नाही.

“मी लिहिलं?” तिने आवाज चढवला. “अहो, मला साधा अर्ज लिहायचा म्हटलं तरी घाम फुटतो! माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय तिने. स्वयंपाकघरातल्या टेबलावर. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. बोटाला घट्टा पडलाय, दाखव गं बाळा बोट. मी रजा काढून हे टाइप करून घेतलं, बांधून घेतलं, किती प्रकाशकांचे जिने झिजवले. आणि तुम्ही खुशाल म्हणता, तिचं नाही?”

मुलीने बोट दाखवलं नाही.

“असं करू,” प्रकाशक म्हणाले. “शेजारच्या खोलीत बसून पानभर लिहून दाखव. विषय मी देतो. फोन इथे ठेवायचा. आई इथेच बसतील.”

मागच्या भिंतीवर त्यांनी छापलेली पुस्तकं वरपासून खालपर्यंत मांडलेली होती. त्यातल्या एका तरी दाढीमिशीवाल्या लेखकाला त्यांनी असं खोलीत कोंडलं असेल का? काय बिशाद होती! पण मुलगी उठली. तिला पुस्तक छापून हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. फोन टेबलावर ठेवून ती आत गेली. आत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे पार छताला टेकले होते. त्यातल्याच एका बुटक्या गठ्ठ्यावर कागद ठेवून तिने लिहिलं. विषय होता ‘माझी आवडती सुट्टी’. दातओठ खात लिहिलं तिने.

प्रकाशकांनी पान वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“हे तू आत्ता लिहिलंस?”

नाही तर काय, गठ्ठ्यांनी सांगितलं असेल!

“छापू या,” प्रकाशक म्हणाले. एकदम खूश झाले होते. “छापायलाच हवं. मुखपृष्ठावर हिचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत वय. लोक तुटून पडतील बघा. करारावर आईची सही लागेल.”

त्यांनी खणातून करार काढला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “सांगत होते ना मी!” असं म्हणत तिने पेनाचं टोपण उघडलं.

“थांब, आई,” मुलगी म्हणाली. मग ती प्रकाशकांकडे वळली. “काका, तुम्ही कादंबरी पूर्ण वाचलीत ना?”

“म्हणजे काय! वाचल्याशिवाय बोलेन का मी?”

“मग सांगा, घर सोडून गेलेली आई शेवटी परत येते की नाही?”

प्रकाशकांचा हात बाडाकडे गेला. मुलीने त्यावर तळवा ठेवला.

“येते की,” ते म्हणाले. “येणारच. आईच ती.”

“कशी येते?”

“कशी म्हणजे... येते.” त्यांनी घसा खाकरला. “हे बघ, पहिलं प्रकरण मी नीट वाचलंय. एवढी वर्षं या धंद्यात काढली, तेवढ्यावरून पुढचा अंदाज येतो आम्हाला.”

“अंदाज?” आई ताडकन उभी राहिली. पेन कुठल्या कुठे गेलं. “अहो, काही जनाची नाही, मनाची तरी? न वाचताच माझ्या पोरीला खोटं ठरवलंत? कोंडून परीक्षा घेतलीत तिची? पोरीने दीड वर्ष रक्त आटवलं आणि तुमच्याने चार पानं उलटवली नाहीत? पुस्तकांचा धंदा करता की विटांचा? बाड बघायचं, जाडी बघायची, झालं! तिच्या जिवाला काय वाटलं असेल, याचा विचार तरी केलात?”

शब्दन् शब्द खरा होता. प्रकाशकांची मान खाली गेली. मुलीला आईचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. करार होवो न होवो, आता तिला कशाचीच पर्वा उरली नाही. तिने आईचा हात घट्ट धरला.

“आई, तूच सांग यांना. येते का गं ती परत?”

आई बोलायला गेली आणि थांबली. तिने प्रकाशकांकडे पाहिलं, बाडाकडे पाहिलं, मुलीकडे मात्र तिला बघवेना.

“अगं, मी म्हटलं... छापून आलं की निवांत वाचेन.”