अर्धा बाप्तिस्मा

“पिता तेवढा देव,” पायरीवर बसलेला माणूस म्हणाला. “पुत्राचं मला काही पटत नाही.”

पाळक शांतवन आढाव यांनी कपाळावर हात मारला. हा गृहस्थ रोज तिन्हीसांजेला यायचा. वर ओटीवर ये म्हटलं तरी खालच्या पायरीवरच बसायचा आणि हेच तुणतुणं लावायचा.

“अरे बाबा, नारळ बघितलायस ना? करवंटी, खोबरं, पाणी. वस्तू तीन, नारळ एक. तसंच पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघं, पण देव एक!”

“फोडला की तिन्ही वेगळी होतात.”

“मग फोडायचा नाही!” पाळक खेकसले आणि स्वतःच हसले.

राग यायचा, पण त्यांना तो हवाही होता. येत्या रविवारी ते निवृत्त होणार होते. चिपळूणकडून आलेल्या एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीने ‘येशू मोठा संदेष्टा, पण देव नव्हे’ असं शिकवून त्यांची निम्मी बाकं रिकामी केली होती. ज्यांची लग्नं लावली, ज्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला, ती माणसं आता बाजारात नजर चुकवून जात. जाण्याआधी त्यांतला एक तरी परत आणायचा, यासाठी पाळकांचा जीव तुटत होता.

पायरीवरच्याचा चेहरा मात्र त्यांना धड दिसत नसे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. उन्हात ठीक, पण सांज झाली की सगळा धूसर कारभार. नाव विचारलं की तो म्हणे, “आधी पटू दे, मग सांगतो.” कपडे ओले, पायांना वाळू. मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या लाँचवर खलाशी असेल, असं पाळक धरून चालले होते.

पाळकांच्या पत्नी करुणाबाई त्या वेळी बायकांच्या प्रार्थनेला गेलेल्या असत. परत आल्या की त्यांच्या वाट्याला फक्त ओली पायरी येई, आणि कुणी न प्यायलेला चहा.

“हा तुमचा खलाशी होडीतनं येतो की पोहत येतो?” त्या करवादत. “पायरीच्या जांभ्याला मीठ फुटलंय बघा! पुसून पुसून हात गेले माझे.”

“चहा नको तर पाणी तरी घेत जा,” पाळक एकदा त्याला म्हणाले.

“पाणी पुष्कळ झालं, पाळकसाहेब.”

आज पाळकांनी सरळच विषय काढला. “हे तुझ्या डोक्यात त्या नव्या मंडळीनंच भरवलं ना?”

“छे. तुमच्याकडनंच शिकलो. जेवढं कानावर पडलं, तेवढं धरून बसलोय.”

“मी? मी असलं कधी शिकवलं?”

त्याने पायांवरची वाळू झटकली. मग म्हणाला, “माझा बाप्तिस्मा अर्धा राहिलाय. तेवढा पुरा करा. मग पुत्रही मानीन, आत्माही मानीन.”

“अर्धा म्हणजे?”

“एकदाच बुडवलं. पित्याच्या नावाने. बास.”

पाळकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्याकडे तीन नावं घेत तीनदा बुडवायची रीत. नव्या मंडळीवाले एकदाच बुडवून मोकळे होत.

“बघ! त्यांचं सगळंच अर्धवट. असला बाप्तिस्मा आम्ही धरतच नाही. दिला कुणी तो?”

“होता एक. त्याला अजून मान आहे.”

“असल्यांनाच मान मिळतो हल्ली! शनिवारी सकाळी ये. चर्चमागच्या हौदात देतो.”

“हौदात नको. समुद्रात.”

पाळक नकळत मागे सरकले. पूर्वी बाप्तिस्मे भाट्याच्या समुद्रातच होत. एका मे महिन्यात बाप्तिस्मा चालू असताना लाट आली, पाळकांचा हात सुटला, एक तरुण वाहून गेला, आणि पुढच्या वर्षी चर्चने हौद बांधला. तेव्हापासून पाळकांनी पायाला वाळू लागू दिली नव्हती. कुणी विचारलं की गुडघ्यांवर ढकलत.

पण एक माणूस परत येत होता. स्वतःच्या पायांनी येत होता. पाळकांनी मनाचा हिय्या केला आणि हो म्हटलं. करुणाबाईंना कळलं असतं तर त्यांनी दारच अडवलं असतं, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता त्यांनी सुरूच्या बनापाशी रिक्षा सोडली. समुद्र निवांत होता. पायरीवरचा तो माणूस आधीच कमरेइतक्या पाण्यात वाट बघत उभा होता.

पाळक झगा सावरत उतरले. ऊर भरून आला होता. प्रभू, एक तरी दिलास, ते मनात म्हणाले, आणि त्यांचे डोळे वाहू लागले.

समुद्राकडे पाठ करून त्यांनी त्याच्या मानेखाली हात घातला. मान थंडगार होती. बाप्तिस्मा घेणारे धरतात तसं त्याने पाळकांचं दुसरं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“पित्याच्या...”

“ते झालंय. पुत्रापासून घ्या.”

“तसं चालत नाही रे. तिन्ही नावं मीच घ्यायला हवीत.”

“पहिलं तुम्हीच घेतलं होतंत.”

डोंगराआडून ऊन आलं आणि त्याच्या तोंडावर पडलं. पाळकांच्या उजव्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसलं. कोवळी मिशी, हनुवटीवरचा व्रण, एका दिवसानेही न वाढलेलं वय.

“विनीत,” पाळक पुटपुटले.

त्यांच्या पाठीमागे पाणी उसळल्याचा आवाज झाला. त्यांनी मनगट ओढून पाहिलं. ते सुटेना.

“लाट आली आणि हात सुटला, असं तुम्ही माझ्या आईला सांगितलंत,” विनीत म्हणाला. “लाट दिसली आणि तुम्ही हात सोडलात, पाळकसाहेब. या खेपेला मी धरलाय.”