दिवेलागणीनंतरच्या सहा गोळ्या

राजमतीने भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक गोळी तोंडाकडे नेत सहाही पदराआडच्या मुठीत सोडल्या. मग ओठ घट्ट मिटून तांब्या वर केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. एक थेंबही तोंडात गेला नाही.

"गिळल्या सगळ्या?" कंपाउंडर मारुतीरावांनी विचारलं. "तुम्हा जैनांत सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा चालत न्हाय, म्हणून विचारतो."

"गिळल्या."

"शपथ?"

"माझ्या व्रताची शपथ."

मारुतीरावांनी तक्त्यावर खूण केली. बेळगावच्या त्या दवाखान्यात तेव्हा पित्ताच्या पिशवीचे फोटो काढणं चाललं होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मुंबईहून नव्या गोळ्या आल्या होत्या. जुनी पूड चांगली की गोळ्या, हे डॉक्टरांना ताडून पाहायचं होतं. बारा जणांना पूड, बारा जणांना गोळ्या. औषध रात्री आठला, फोटो सकाळी आठला. "या औषधानं पिशवी फोटोत दिसते," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यापुढचं बायकांना कशाला सांगायचं?

राजमती बोरगावची. लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं तिने सूर्यास्तानंतर काही तोंडात घातलं नव्हतं. या वेळी औषधापुरती मोकळीक नवऱ्याने, सुकुमारने, स्वामींकडून मागून आणली होती. तेव्हा अडचण व्रताची नव्हती. अडचण सुरीची होती. तिची थोरली बहीण पद्मावती पोटाच्या ऑपरेशनला गेली, ती परत आली नव्हती. आणि फोटो म्हणजे काय, ते राजमतीला ठाऊक होतं. निपाणीत जावेच्या भावाच्या छातीच्या फोटोत डाग दिसला, वर्षभरात तो गेला. दिसलं की संपलं. मग दिसूच द्यायचं नाही.

शेजारच्या खाटेवर येळ्ळूरची शालूबाई होती. तिच्या वाट्याला पूड आली होती. ती निळसर पूड सरबतातून पिऊन घटकाभरात तिच्या पोटात ढवळायला लागलं.

"अगं आई गं! ह्यापरीस कळ बरी हुती," म्हणत ती खाटेखालच्या तसराळ्यात भडाभडा ओकली. राजमतीने उठून तिची पाठ चोळली, आणि पाठ चोळता चोळता मूठ तसराळ्यावर उघडली. आया गुणाबाई नाक मुरडत तसराळं घेऊन गेली आणि मोरीत उपडं केलं.

सकाळी फोटो झाले. मारुतीरावांनी फोटोच्या ओल्या फिल्मा खिडकीशी धरल्या. शालूबाईच्या फोटोत फासळ्यांखाली कोवळ्या वांग्याएवढी पांढरी पिशवी लख्ख दिसत होती. राजमतीच्या फोटोत नुसत्या फासळ्या.

"आक्का, माझी दिसली म्हणं," शालूबाई घाबरून म्हणाली.

"देव हाय," राजमती म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. बिचारीचं वाईट वाटलं. पण आतून इतकं हलकं वाटत होतं, की तोंड दुसरीकडे वळवावं लागलं. सुकुमार पहिल्या मोटारीने आला तेव्हा तिने पिशवीत लुगडं भरायला घेतलं होतं.

डॉक्टर आले. "येळ्ळूरच्या बाई, तुमची पिशवी ठणठणीत आहे. तळलेलं बंद करा. घरी जा." मग ते दुसऱ्या खाटेशी वळले. "हिचं ऑपरेशन. गुरुवारी."

राजमतीच्या हातातलं लुगडं खाली पडलं. "माझ्या फोटोत तर काहीच न्हाय!"

"तेच तर. चांगली पिशवी औषध भरून घेते, म्हणून दिसते. सडकी घेतच नाही. या बाईंनी अर्धं औषध ओकून टाकलं, तरी पिशवी दिसली. तुमच्या पोटात सहाच्या सहा गोळ्या राहिल्या आणि सावलीसुद्धा नाही. यापेक्षा सडकी पिशवी असेल का?"

"पण मी गिळल्याच न्हाईत!" ती ओरडली. "मुठीत धरल्या हुत्या. शालूआक्काच्या तसराळ्यात टाकल्या!"

गुणाबाई म्हणाली, "म्या काय तसराळ्यात हात घालून बघू व्हय गं?"

मारुतीराव हसले. "ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्याच गिळल्याचं इसरत्यात, साहेब."

"पुन्हा द्या. आत्ता गिळते. तुमच्यासमोर."

"गोळ्या मोजून बारा जणांपुरत्या आल्या होत्या. संपल्या."

"मग पूड द्या!"

"आणि तक्ता बिघडवू?" डॉक्टरांनी हातातला संमतीचा कागद खाली केला. पण माणूस काटेकोर होता. संशय ठेवून सुरी धरणं त्यांना पसंत नव्हतं. ते सुकुमारकडे वळले. "कंपाउंडरसमोर काल हिनं व्रताची शपथ घेतली, की गिळल्या. आज म्हणते, नाही. तुम्ही हिला ओळखता. कालचं खरं धरू की आजचं? तुम्ही आजचं म्हणालात तर मी हात लावणार नाही."

राजमतीने दोन्ही हात जोडले. "अवं, आजचं. आजचं सांगा."

सुकुमारने बायकोकडे पाहिलं. चारचौघांत तिच्याबद्दल चांगलं बोलायची वेळ पंधरा वर्षांत कधी आली नव्हती. त्याची मान ताठ झाली.

"साहेब, भ्याली हाय ती, म्हणून बोलतीया. पर व्रताची खोटी शपथ घेणारी बाई न्हाय ही," तो म्हणाला. "सही कुठं करू?"