आईची तपासणी

"अहो मावशी, आईला पावडर कशाला लावलीत?" चपला काढायच्या आधीच लेक ओरडली.

आई खुर्चीत बसली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, अंगात ठेवणीतला गाऊन. लुळा उजवा हात मांडीवर असा मांडलेला, की बघणाऱ्याला वाटावं बाई निवांत बसल्यात. चादरीला एक सुरकुती नाही. औषधांचा वाससुद्धा कुठे पळवून लावला होता कोण जाणे.

आईला सांभाळणाऱ्या मावशींनी ओले हात पुसले. "तपासणी आहे म्हणालात ना ताई? म्हटलं, आपल्या कामाला कुणी नावं ठेवायला नकोत. लवकरच आले आज."

"तपासणी तुमची नाहीये हो. आईची आहे."

गरिबांचा सरकारी विमा आता एका कंपनीच्या हाती गेला होता. कंपनी जुन्या आजाऱ्यांना नव्याने बघत होती. ज्याला आपलं आपण करता येतं, त्याच्या घरी विम्यातून येणारी मदतनीस बंद. मावशी बंद झाल्या तर लेकीची बेकरीतली नोकरी बंद, कारण आईला दिवसभर एकटं ठेवणार कोण? आणि घर तर त्या नोकरीवरच चाललेलं.

"आई, ऐक. जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं. खोटं काही बोलायचं नाहीये."

"परक्या माणसापुढे रडगाणं गाऊ?"

"आजच्या दिवस गा."

लेकीने आईच्या केसांत हात घातला, विस्कटायला. आईने धडधाकट डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. दोघी तशाच राहिल्या. तेवढ्यात बेल वाजली.

कंपनीची नर्स जिने चढून आली होती. खांद्यावर जड बॅग, घामाने भिजलेली पाठ. दारातच तिने क्षणभर चौकटीला टेकून श्वास घेतला, मग आईसमोर बसून टॅब उघडला.

"आजी, अंघोळ कोण घालतं?"

"होते की अंघोळ."

"म्हणजे स्वतः करता?"

"मग काय शेजारी येऊन करतील?"

नर्सला हसू आलं. तिने टॅबवर बोटाने खूण केली.

"जेवण?"

"तोंडानेच जेवते."

"मावशी भरवतात," लेक मध्येच म्हणाली. "घास कालवूनसुद्धा त्याच देतात."

"ताई, उत्तर त्यांनीच द्यायचं असतं." नर्सचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. सकाळपासून अशी किती घरं झाली असतील, देव जाणे. मग ती पुढे वाकली. "आजी, घाई नाही. नीट आठवून सांगा. कधी अडतं का? पडायला होतं का? संडासला वेळेत पोचता येतं ना?"

खरं सांगायला इतकं सरळ दार कुणी उघडून देत नाही. मावशी फरशीकडे बघत राहिल्या.

आईने नर्सकडे नीट निरखून पाहिलं. "पोरी, किती दमलीस गं. घोटभर पाणी तरी प्यालीस का सकाळपासून?"

आणि ती उठली.

लेक धावली, तर आईने डोळ्यांनीच तिला जागेवर बसवलं. टेबलाची कड, मग कपाटाची कडी, मग ओटा. उजवा पाय मागून ओढत येत होता, पण येत होता. भरलेला पेला धड हातात धरून, ओट्याला, कपाटाला अंग टेकत ती परत आली. थेंब सांडला नाही. नर्सने पाणी एका दमात संपवलं. आई कपाटाला पाठ टेकून उभी राहिली, हसत, यजमानीण असते तशी.

"बसा ना आजी."

"बसूनच तर असते. तू आवर तुझं."

निघताना नर्स दाराबाहेर थबकली. लेकीला हळूच म्हणाली, "मी हे बघायला नको होतं, ताई. बघितल्यावर मला लिहावं लागतं."

"रोज असं नसतं हो. कित्येक महिन्यांनी उठली ती आज."

"ठाऊक आहे. मदत बंद झाली तर तक्रार करता येते. करा. फक्त वेळ लागतो." रिकामा पेला अजून तिच्याच हातात होता. तो लेकीला देऊन ती जिना उतरायला लागली.

लेकीने दार लावलं. आई कपाटापाशीच होती. हसू तसंच, पण ठेवणीतला गाऊन खालपर्यंत ओला झाला होता. पायाशी ओल पसरलेली. मावशी फडकं आणायला गेल्या. लेकीने आईला कमरेत धरलं, तशी आईने आपलं सगळं ओझं तिच्यावर टाकलं.

"ती होती तेव्हा नाही ना झालं?" आईने तिच्या कानाशी विचारलं. "तिला दिसलं नाही ना गं काही?"

"नाही आई," लेक म्हणाली. "काहीच दिसलं नाही."