पंगतीचा इलाज

“भूक पोटाला लागत नसते, सज्जनहो, ती माणसाला माणसाची लागते!” डॉक्टर पितांबर सरोद्यांनी उद्घाटनाच्या भाषणात टेबलावर मूठ आपटली. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांनी शेजाऱ्याच्या कानात विचारलं, “म्हणजे नाश्ता ठेवलेला नाही की काय?”

साल ब्याण्णव. अन्नावरची वासना उडालेल्यांसाठी जळगावात दिवसभराचं उपचार केंद्र निघालं, तेही बंद पडलेल्या खानावळीत. सकाळी यायचं, दोनदा पंगतीत जेवायचं, मधल्या वेळात डॉक्टरांशी बोलायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. ‘पोटभर थाळी’ ही जुनी पाटी उतरवायची राहून गेली. त्यामुळे सुरुवातीला रोगी कमी आणि गिऱ्हाइकंच जास्त आली. ज्यांना खायचंय त्यांना हाकलायचं आणि ज्यांना नकोय त्यांच्या विनवण्या करायच्या, हा धंदा शेजारच्या पानवाल्याला शेवटपर्यंत उमगला नाही.

मग डाळमिलवाले सुकदेवनाना आपल्या कोकिळेला घेऊन आले. पोर कॉलेजात जाणारी, पण गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली.

“घरात डाळीची पोती रचलेली आणि पोर अशी काडी!” नाना म्हणाले. “ताट पुढं ठेवलं की सरकवते. उद्या पाहुणे बघायला येतील, डॉक्टर. काय दाखवू त्यांना?”

डॉक्टरांचा एक नियम होता. रोग्यासोबत घरचं एक माणूस पंगतीला बसणार आणि तेच, तेवढंच खाणार. “घरी बाया सगळ्यांच्या मागून जेवतात,” ते म्हणत. “कोण किती जेवलं ते भांड्यांनाच माहीत. इथं सगळे एकदम.”

“मग तिची माय येईल,” नाना म्हणाले. “पण जरा सांभाळा तिले. देवमाणूस शे मनी बायको! बठ्ठा वार पाळस ती, सोमवार ते शनिवार सगळे उपास. गल्लीतल्या बाया पाया पडतात तिच्या.”

भिकुबाई आल्या. एप्रिलातलं जळगाव, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि बाईंनी अंगावर शाल गुंडाळलेली. डॉक्टरांनी त्यांना नमस्कार केला आणि कोकिळेची नाडी धरली.

पहिल्या दिवशी वरण-बट्टी होती. कोकिळा हाताची घडी घालून बसली.

“खाय ना वं पोरी.”

“आधी तू, माय.”

“माझा आज गुरुवार.”

“मग माझाही.”

भिकुबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. “देवानं विचारलं तर माझं नाव सांगा,” डॉक्टर म्हणाले. बाईंनी डोळे मिटून बट्टीचा इवलासा तुकडा तोंडात टाकला, तेव्हा कुठं कोकिळेनं घास उचलला.

मग रोज हेच. आईच्या घासाला लेकीचा घास. भिकुबाई बट्टी कुस्करून हळूच ताटाच्या कडेखाली सारत. कोकिळा ती बोटानं पुन्हा वर आणून ठेवी. “अन्न सांडू नये, माय.” डॉक्टरांना पोरीचं वळण फार आवडलं. आईचं ताट रिकामं झाल्याशिवाय ती जागची उठत नसे. डॉक्टरांनी या प्रकाराला ‘मातृ-अनुकरण पद्धती’ असं नाव दिलं आणि त्यावर भाषण लिहायला घेतलं.

श्रावण आला. गावाचे उपास सुरू झाले आणि भिकुबाईंचे तेवढे बंद. गल्लीत कुजबुज झाली, “पोरीपायी बाईनं धरम बुडवला.” बाई ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला येत. पावसातही आता त्यांना शाल लागत नव्हती. पण डॉक्टर कोकिळेचे गाल बघत होते. ते छान भरले होते.

दसरा झाल्यावर समारंभ झाला. केंद्राचं पहिलं यश! डॉक्टरांनी भाषण दणक्यात केलं. “कोकिळा पूर्ण बरी आहे. उद्यापासून हिनं इथं यायचं नाही, हाच तिचा सत्कार!” नानांनी पेढे वाटले.

मग लोकांनी आग्रह केला म्हणून भिकुबाई उभ्या राहिल्या. “लेकरासाठी देवाचे वार मोडले,” त्या म्हणाल्या. “आता पोर बरी झाली. राहिलेले बठ्ठे उपास उद्यापासून फेडते, व्याजासकट.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांनी डोळे पुसले. सगळ्यांत जोरात टाळ्या डॉक्टरांच्या होत्या. भिकुबाईंनी हातातला पेढा कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. बायांनी त्यांच्या पाया पडायला रांग लावली.

गर्दीतून वाट काढत कोकिळा डॉक्टरांपाशी आली. “सर, एक काम होतं.”

“बोल! आज मागशील ते.”

कोकिळा त्या रांगेकडे बघत होती.

“उपासाच्या बाईला दवाखान्यात कुणी आणत नाही, सर. न जेवणाऱ्या पोरीला आणतात. मायला तेवढं सांगा ना, मी अजून बरी नाही झाली.”