हात बांधताना

समोरच्या बॉक्सरच्या बाजूचा माणूस आला तेव्हा काका पहाडच्या डाव्या हाताला पट्टी गुंडाळत होते. दारात कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं आणि पट्टीची गुंडाळी हातातून सुटून थेट बाकाखाली गेली.

हसऱ्याचा थोरला भाऊ होता तो.

हसऱ्या म्हणजे गेल्या वर्षी पहाडचा उजवा ठोसा खाऊन रिंगमध्ये पडला आणि पुन्हा उठलाच नाही, तो. मार खातानाही हसायचा, म्हणून हसऱ्या. लोक म्हणाले, खेळ आहे, व्हायचंच. लोकांचं काय जातं म्हणायला! पहाड त्यानंतरही लढला, जिंकला, आजची लढत मारली की हेवीवेटच्या किताबाला हात घालणार होता. पण लढायचा तो एकट्या डाव्या हाताने. उजवा नुसता हनुवटीशी धरून ठेवायचा. झोपेत तोच हात अंगाखाली दाबून झोपतो, असं बायको सांगायची. आणि समोर कुणीही असो, एखाद्या फेरीत तो आपल्याकडे बघून हसतोय असं पहाडला वाटायचंच.

"मी आता समोरच्यांकडे काम करतो," थोरला म्हणाला. "पट्ट्या बघायला मला पाठवलंय."

नियमच आहे तो. एकाचे हात बांधताना दुसऱ्याचा माणूस समोर उभा राहतो, पट्टीशिवाय आत काही जात नाही ना ते बघतो, आणि शेवटी मनगटावरच्या चिकटपट्टीवर सही करतो. मग वर ग्लोव्हज चढतात.

"बघा की," काका म्हणाले. "डोळे फाडून बघा. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

काकांनी बाकाखालची गुंडाळी काढली आणि मुकाट्याने डावा हात पुरा बांधला. एरवी गप्प बसणाऱ्यातले नव्हते ते. भाऊ गेल्यावर त्याच्या पोराला त्यांनीच वाढवलं, खाऊपिऊ घालून एवढं धूड केलं, रिंगमध्ये उभं केलं, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही.

थोरला खुर्ची ओढून बसला. पहाडचा उजवा हात अजून उघडाच मांडीवर पडला होता. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "त्या दिवशी पट्ट्या बघायला मी यायला हवं होतं. हसऱ्याला उलट्या होत होत्या. लढतीआधी व्हायच्याच त्याला. मी त्याची पाठ चोळत बसलो. तुमचे काका बोलवायला आले, मी पोचलो तेव्हा दोन्ही हात बांधून तयार होते. मी सही ठोकली आणि पळालो."

सहीसाठी आणलेलं पेन त्याने बोटांत फिरवलं.

"आई अजून विचारते, तू नीट बघितलं होतंस ना रे? मी हो म्हणतो."

पहाडने आपल्या उघड्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी उजवा हात जरा जड वाटला होता. तेव्हाच वाटला होता की नंतर वाटायला लागला, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. काकांना विचारायचं त्याने कितीदा ठरवलं, पण जीभ रेटली नाही. ज्यांनी घास भरवले त्यांना हे कसं विचारायचं? आणि विचारलं, आणि त्यांनी खरं सांगून टाकलं, तर?

"काका, राहू द्या," तो म्हणाला. "हे दादा बांधतील."

"डोकं फिरलंय का तुझं? ते समोरच्यांचे. सैल बांधून बोटं मोडतील तुझी."

"मोडू द्या."

 नाही म्हणावंसं थोरल्याला वाटलं असणार. पण त्याने खुर्ची पुढे सरकवली, नवी गुंडाळी सोडली आणि पहाडचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर घेतला.

छान बांधायचा तो. आधी अंगठा, मग मनगटाला वेढे, मग सांध्यांवर मऊ घडी, मग बोटांच्या बेचक्यांतून आत-बाहेर. हाताला जुनी सवय होती, भावाच्या मुठी बांधायची. त्या सवयीनेच तो विचारून बसला, "घट्ट होतंय का रे?" आणि विचारल्यावर मान खाली घालून वेढे मोजू लागला. पहाडने नुसती मान हलवली. त्याला रडू येत होतं आणि एवढ्या मोठ्या माणसाने ते कुठे लपवायचं हे कळत नव्हतं.

बांधून झालं. थोरल्याने मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. मग तो उठला आणि त्याने आपला तळवा पहाडसमोर धरला.

"मार."

"दादा, नको."

"बांधणाऱ्याने पहिला ठोसा आपल्या हातावर घ्यायचा. आमच्याकडे तसंच आहे. तुमच्याकडे नाही?"

"आहे. काका घेतात."

"मग मार."

वर्षभरात पहिल्यांदा पहाडचा उजवा हात सुटला. थोरल्याचा तळवा फटकन मागे गेला आणि लालबुंद झाला. लागलं, पण माणसाच्या हाताने लागतं तेवढंच. पट्टीखाली पट्टीच होती. त्याने हात झटकला आणि पुन्हा पुढे केला.

"अजून एक."

पहाडने मारलं नाही. तो काकांकडे बघत होता.

"काका," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही हात पुढे केला नव्हता. उशीर झालाय म्हणालात."

काकांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. दारावर थाप पडली, वेळ झाल्याचं कुणीतरी ओरडून गेलं. थोरला अजून तळवा तसाच धरून उभा होता.