शेवटचा एफ

कस्तुराबाईंनी कार्डांना भोकं पाडायचं मशीन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले. उद्यापासून त्यांची बदली पॅकिंगला. आज नुसतं बघायचं होतं.

लोणावळ्याच्या त्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरची भाषा बदलली होती, पण गिअरच्या दात्यांची गणितं अजून जुन्या भाषेतल्या कार्डांवरच होती. वर्षभर औंढ्याच्या कस्तुराबाई एकेक कार्ड डोळ्यांखालून घालून नव्या भाषेत आणत होत्या. आता ते काम कोपरकर साहेबांनी लिहिलेला 'एडिटर' नावाचा प्रोग्रॅम करणार होता.

"जुन्या भाषेत काही शब्दांना शेवटी एफ लागतो, नव्या भाषेत लागत नाही," साहेब म्हणाले. "माझा एडिटर दिसेल त्या शब्दाचा शेवटचा एफ उडवतो."

"दिसंल त्या?"

"दिसेल त्या. अपवादबिपवाद काही नाही."

कस्तुराबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पॅकिंगच्या बाईनं साहेबाला काय शिकवायचं?

मशीननं जुना गठ्ठा गिळला आणि खडाखडा नवी कार्डं बाहेर टाकली. साहेबांनी घड्याळ दाखवलं. चार मिनिटं! बाईंना चार दिवस लागले असते.

मग तो नवा गठ्ठा चालवायला लावला. प्रिंटरमधून कागद सुटला तो थांबेचना. ओळीओळीला चूक. साहेबांनी गठ्ठा पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच कागद. तिसऱ्या खेपेला कागद जमिनीवर लोळत दारापर्यंत गेला आणि साहेबांनी टाय सैल केला.

अखेर कस्तुराबाई उठल्या. गठ्ठ्यातलं एक कार्ड उपसून त्यांनी खिडकीशी धरलं.

"साहेब, 'जर'ला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"इफ."

"आन् त्याच्या शेवटी?"

साहेबांचे कान लाल झाले.

"तुमच्या एडिटरनं समदे 'जर' खाल्ले बगा. आता निस्ते हुकूम ऱ्हायल्यात. मशीननं तरी काय करावं?"

साहेबांनी कागद गोळा करायला घेतला. बराच वेळ तो गोळा होत राहिला.

"किती असतील हो असे?" त्यांनी खाली मान घालूनच विचारलं.

"दीडशे तरी असत्याल."

"आज होतील?"

कस्तुराबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि आपलं मशीन चालू केलं.

"व्हतील की. जर च्या आला, तर."

साहेब स्वतःच किटली घेऊन कॅन्टीनकडे निघाले.