राहू दे

"हा घेऊ नका," रामदास म्हणाला आणि तोच फोन काढायला स्टुलावर चढला.

वारज्यातल्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर, मोडक्या इस्त्रीशेजारी तो खोका चार वर्षं पडून होता. उन्हानं त्यावरचा निळा रंग पार उडाला होता. रामदासनं तो शर्टाच्या बाहीनं पुसला आणि काउंटरवर ठेवला.

"दोन हजार एकवीसचं मॉडेल. तेव्हाही मधलंच होतं. कॅमेरा बरा म्हणायचा म्हणून बरा. अपडेट यायचे बंद झालेत. काका, एवढ्यातच याच्या दुप्पट चांगला देतो. मुलगी रागावेल तुम्हाला."

"तिचं रागावून झालंय," दीनानाथ म्हणाले.

वल्लरीनं आईसाठी दोन नवे फोन आणून दिले होते. दोन्ही ताटलीएवढे. फेब्रुवारीत झटका आल्यापासून सुनीतीबाईंचा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच बसून राहायचा, आणि डाव्या मुठीत ताटली मावत नाही. शिवाय नव्या फोनांत उघडायला बोट उमटवायचं ते काचेवर, नेमक्या ठरलेल्या जागी. सुनीतीबाईंचं बोट दर वेळी शेजारच्या गल्लीत उतरायचं. जुन्या फोनला पाठीमागे एक खळगा होता, न बघता सापडणारा. तो फोन गेल्या सोमवारी फरशीवर पडला आणि संपला. तेव्हापासून धाकट्या बहिणीचा, सत्यशीलेचा, रोज अकराचा व्हिडिओ कॉल दीनानाथांच्या फोनवर येत होता. दीनानाथ फोन धरून बायकोसमोर उभे राहायचे आणि सुनीतीबाई तोंड फिरवायच्या. दुसऱ्यानं तोंडासमोर धरलेला फोन हा फोन नसतो, घास असतो.

आज सुनीतीबाई दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या होत्या आणि खोक्याकडे बघत होत्या.

"याला मागे तसा खळगा आहे का, एवढंच सांगा," दीनानाथ म्हणाले.

"आहे. पण सील फोडलं की फोन तुमचा. तिकडे लिहिलंय."

भिंतीवर खरंच लिहिलं होतं. लाल अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून. दीनानाथांनी सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेलं. लेखी नियमापुढे ते निमूट उभे राहत. "मग जरा विचार करून..."

रामदासनं नखानं सील फोडलं. "घ्या. माझ्याच हातानं फाटलं. आता काय करणार."

फोन चालू होईना. "चार वर्षं उपाशी आहे," असं म्हणत त्यानं चार्जर लावला आणि पंख्याचं तोंड स्वतःकडून काढून सुनीतीबाईंकडे वळवलं. "बसा. बसायचे पैसे घेत नाही मी." मधल्या वीस मिनिटांत दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनाही त्यानं "नंतर या" म्हणून वाटेला लावलं.

पडदा उजळला. रामदासनं जुनं सिम घातलं आणि फोन सुनीतीबाईंच्या डाव्या तळव्यावर ठेवला. "काकू, बोट."

सुनीतीबाईंनी खाली पाहिलंसुद्धा नाही. तर्जनी मागे गेली आणि खळग्यात जाऊन बसली. ओळख नोंदवायला फोननं बोट पुन्हा पुन्हा मागितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा दिलं. फोन बंद केला. बोट टेकवलं, उघडला. परत बंद केला. परत उघडला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

झटक्यानंतर परत आलेले हे दोनच शब्द. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, जन्मभर सगळ्यात जास्त वापरलेले शब्द कधीकधी आधी परततात. दीनानाथांना त्याचं नवल वाटलं नव्हतं. मिक्सर, काश्मीर आणि दाढ काढतानाची भूल, तिन्हींना सुनीतीबाईंनी याच दोन शब्दांत परत पाठवलं होतं.

"नको म्हणतेय," दीनानाथ हळूच म्हणाले आणि फोन घ्यायला हात पुढे केला. "तुमचं सील मात्र उगाच..."

फोन सुटेना. सुनीतीबाईंची बोटं पांढरी पडली होती.

"अगं सोड. दुसरीकडे बघू."

"राहू दे!"

"काका," रामदासनं विचारलं, "काय म्हणतायत काकू?"

"राहू दे म्हणतेय."

"मग राहू द्या की."

"अहो, तिच्या 'राहू दे'चा अर्थ 'नको' असा असतो. त्रेचाळीस वर्षं ऐकतोय मी."

"तेच म्हणतो मी. याला अपडेट येत नाहीत हे मला माहीत होतं. तुम्हालाही येत नाहीत, हे आज कळलं."

सुनीतीबाईंनी फोन पोटाशी धरला आणि त्या हसल्या. डाव्या बाजूनं. उजवी बाजू अजून यायची होती.

चार वर्षांत हा फोन ज्यांनी ज्यांनी घेतला नव्हता, त्या समस्त गिऱ्हाइकांचे दीनानाथांनी मनातल्या मनात आभार मानले. मग ते काउंटरकडे वळले. "मालक, तुमचे खरंच..."

"पावती घ्या आणि निघा. माझी जेवायची वेळ झाली."

घड्याळात साडेदहा वाजले होते.

दुकानाला उतरायला दोन पायऱ्या होत्या. दीनानाथांनी बायकोच्या उजव्या दंडाला धरलं.

"राहू दे," सुनीतीबाई म्हणाल्या.

दीनानाथ पायरीवर थांबले. त्यांनी दोन्ही अर्थ लावून पाहिले, आणि हात राहू दिला.